घर घेऊन जा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. वाडीतल्या एकट्या म्हाताऱ्यांसाठी पोरांचा गट काढायचाय, नाव काय ठेवू, वर्गणी किती घेऊ, असं बरंच लिहिलंयस. आणि शेवटी हळूच, ‘घरचे म्हणतात तुझं तू बघ, आम्हाला ओढू नकोस.’ खरी अडचण तीच आहे. नाव-वर्गणी राहू दे बाजूला. घरच्यांना घेतल्याशिवाय जाऊ नकोस.

चार पोरं दारात उभी राहिली की म्हातारं माणूस अंग चोरतं. आमच्या पाखाडीच्या टोकाला एक आजी राहतात, मुलगा मुंबईला, गणपती-शिमग्याला येतो. पोरांनी विचारलं तर म्हणाल्या, “काय नको रे बाबा, सगळं हाय.” दुसऱ्या दिवशी मी सुनेला आणि नातवाला घेऊन गेले. सून त्यांच्यासोबत फणसाच्या आठळ्या सोलायला बसली, नातू खळ्यात खेळत राहिला. तासाभराने कळलं, आजी न्हाणीत घसरून पडल्यात, मांडी काळीनिळी झालीय, रक्तदाबाच्या गोळ्या केव्हाच संपल्यात. हे त्या तुला सांगणार होत्या का? घर घेऊन जा म्हणते ते यासाठी.

३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हा तू लहान नव्हतास. कौलं-पत्रे उडाले, माड-पोफळी आडव्या झाल्या, वीज कित्येक दिवस नव्हती, टाळेबंदीत मुंबईकर अडकलेले. पंचनामे झाले, ते हवेच होते. पण ज्याची पोफळीची बाग गेली त्याला घास गिळत नव्हता; त्याच्याजवळ संध्याकाळी जाऊन बसली ती कौलं चढवायला नवरा-बायको-पोरांसकट आलेली घरं. गट पांगले. ही घरं महिनोन् महिने येत राहिली.

पुढच्या वर्षी, २२ जुलैला, वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. ओसरल्यावर मी मुलगा, सून, कॉलेजातली नात, सगळ्यांना घेऊन गेले. नातेवाईक अजून ऐकवतात, पोरीला चिखलात घातलंस. घातलं, आणि पुन्हा घालेन! गमबूट होते, हातमोजे होते, डॉक्टरांना विचारून लेप्टोच्या, म्हणजे पुराच्या पाण्या-चिखलातून होणाऱ्या तापाच्या, गोळ्या आधीच घेतल्या होत्या, पायाला जखम होती त्या पुतण्याला घरी ठेवलं होतं. आणखी काय करायचं होतं? दारोदार बिस्किटांचे पुडे पडलेले, पण भिंतीचा गाळ ओला आहे तोवर खरवडायला माणूस मिळत नव्हता. वाळला की तो फावड्यालाही दाद देत नाही. आम्ही गाळ काढत होतो तेव्हा त्या घरच्या बाईंनी भिजलेला लग्नाचा अल्बम आणून दिला तो माझ्या नातीकडे. एकमेकांना चिकटलेले फोटो परातीतल्या पाण्यात बुडवून पोरगी एकेक सोडवत बसली, आणि बाई तिला प्रत्येक फोटोतली माणसं सांगत गेल्या. फावडं चालवणाऱ्या मुलांना त्यांनी नावसुद्धा विचारलं नव्हतं.

माझे यजमान आयुष्यभर पैसे देऊन मोकळे होत. मनाने फार उदार माणूस, पण कुणाच्या पडवीत कधी बसले नाहीत. ते गेले तेव्हा पावत्यांची फाईल निघाली. त्यांची एक गोष्ट सांगेल असं घर वाडीत निघालं नाही. हे मला आजही सलतं. मला हट्टी म्हणायचं तर म्हण.

आईचे गुडघे दुखतात म्हणतोस. खुर्ची टाकून बसव, ती बोलेल, तेवढंच हवंय. बायकोला नोकरी आहे, मग रविवार धरा. आणि तिने तिथे भाकऱ्या थापायच्या, तू नुसतं फिरायचं, हे चालणार नाही, केरसुणी तूही हातात घे. मुलाची परीक्षा संपलीय ना? मग त्याला कशाला मागे ठेवतोस? फोटो काढू नका.

मे संपत आलाय. तुझ्या शेजारच्या काकांच्या खळ्यातला मांडव अजून उतरलेला नाही, लाकडं उघड्यावर आहेत, पडवीला पाऊस अडवणाऱ्या झड्या बांधायच्यात, कौलं चाळायचीत. कौलांवर सवयीचा माणूसच चढव, तू खालून दे. या रविवारी सकाळी सातला चौघंही निघा. भाकरी-भाजी घरून न्या. काकांनी चहा टाकला तर नको म्हणू नका, आणि काम आटपल्यावर लगेच उठू नका.

तुझी,
काकी