सोलापुरात घरीच दोन खेळाडूंचं आर्केड कॅबिनेट बनवतोय. जॉयस्टिक आणि बटणं कॉम्प्युटरला जोडणारा कंट्रोल बोर्ड कोणता घेऊ?

प्रत्येक खेळाडूला एक रास्पबेरी पाय पिको (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) घ्या, त्यात जीपी२०४०-सीई हे मोफत फर्मवेअर, म्हणजे बोर्डाला गेमपॅड बनवणारं सॉफ्टवेअर, टाका. जॉयस्टिकच्या 4 दिशा, 6 बटणं, स्टार्ट आणि कॉइन मिळून 12 स्विच होतात. पिकोवर स्विच जोडण्याजोग्या 26 पिना (जीपीआयओ) आहेत, म्हणजे पुरेशा. प्रत्येक स्विचची एक वायर पिनेला, दुसरी सगळ्यांची मिळून ग्राउंडला. बाहेरून रेझिस्टर लागत नाही. सोल्डरिंग जमत नसेल तर तयार यूएसबी एन्कोडर (बटणांच्या वायरी नुसत्या खोचायचा बोर्ड) चालेल. आर्डुइनो ऊनो आर3 हा बोर्ड मात्र नको, तो थेट गेमपॅड म्हणून ओळखला जात नाही.

आणि हो, आपल्याकडचा उन्हाळा विसरू नका! बंद प्लायवुडच्या पेटीत गेम चालवणारा कॉम्प्युटर फार तापतो. मागे जाळी ठेवा, वर पंखा बसवाच.