नॅनोकॉम्पोझिट चुंबकाची पावडर सिंटर न करता शॉक देऊन का दाबतात?

शिरोलीत तुमच्याकडे प्रेस आहे, सिंटरिंगची, म्हणजे दाबलेली पावडर तापवून एकसंध करायची, भट्टी आहे; मग ही पावडर त्यातच का होणार नाही, असा तुमचा प्रश्न. होणार नाही, आणि कारण भट्टीच आहे.

या चुंबकात दोन पदार्थ अतिसूक्ष्म कणांत मिसळलेले असतात, म्हणून नाव नॅनोकॉम्पोझिट. निओडिमियम-लोह-बोरॉनचं संयुग चुंबकीय दिशा सहजी सोडत नाही. शुद्ध लोखंडाची चुंबकीय क्षमता त्याहून जास्त (सुमारे २.१५ टेस्ला, संयुगाची १.६), पण दिशा लगेच फिरते. लोखंडाचे कण १० नॅनोमीटरच्या आसपास राहिले तरच शेजारचं संयुग त्यांना धरून ठेवतं. कोल्हापुरात कास्टिंगवाल्याला सांगायला नको: धातू जितका वेळ तापलेला, तितका दाणा मोठा. निओडिमियम चुंबक हजार अंशांच्या वर सिंटर होतो. शिवाय तिथं जादा निओडिमियम वितळून फटी भरतं. या पावडरीत ते जादा नसतंच.

शॉकमध्ये पावडर स्टीलच्या कॅप्सूलमध्ये भरतात आणि गॅस गनने (वायूच्या दाबावर चालणाऱ्या तोफेने) धातूची चकती आदळतात, किंवा स्फोटक वापरतात. काही गिगापास्कल दाब (१ गिगापास्कल म्हणजे सुमारे दहा हजार वातावरणं) मायक्रोसेकंदांत आरपार जातो. उष्णता मुख्यतः कणांच्या पृष्ठभागावर तयार होते, तिथं ते चिकटतात आणि आतला थंड गाभा ती लगेच शोषून घेतो. दाणे वाढायला वेळच मिळत नाही! अमेरिकेत जॉर्जिया टेकमध्ये नरेश थडानी यांच्या गटानं यावर बरंच काम केलंय.

तरी बाजारात असा चुंबक दिसत नाही. दाबाची लहर मोकळ्या पृष्ठभागावरून परतताना ताण बनते आणि ठिसूळ तुकड्याला तडे जातात. माझ्या मते त्याहून मोठी अडचण दिशेची आहे. स्कोम्स्की आणि कोई या भौतिकशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये नेहमीच्या निओडिमियम चुंबकाच्या सैद्धांतिक मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट ऊर्जेचं गणित मांडलं, पण त्यात दिशा सहजी न सोडणाऱ्या पदार्थाचे सगळे दाणे एका दिशेत धरले होते. शॉकने दाबलेल्या साध्या पावडरीत ते वाटेल तसे पडलेले असतात.

शिरोलीत हा प्रयोग कृपा करून करू नका. स्फोटकांना परवाना लागतो, आणि बारीक निओडिमियम पावडर हवेत पेट घेते. हात बसवायचा असेल तर मेल्ट-स्पन पावडर (वितळलेला धातू फिरत्या चाकावर झटकन थंड करून केलेली) विकत घ्या, इपॉक्सीत मिसळून तुमच्याच प्रेसमध्ये दाबा, साधारण १५० अंशांवर पक्की करा. इपॉक्सी जागा खातं म्हणून चुंबक थोडा कमजोर होईल, पण दाणे जसेच्या तसे राहतील.