पहिला आवडता गेम प्रिन्स ऑफ पर्शिया, आणि तो 'मेगाहिट' या कोडशिवायच खेळायचा असतो

लहानपणीचा पहिला आवडता व्हिडिओ गेम कोणता, आणि तो आज नऊ वर्षांच्या मुलाला खेळायला द्यावा का, असा तुमचा प्रश्न आहे. माझं उत्तर एकच: प्रिन्स ऑफ पर्शिया. १९८९ सालचा, मूळचा. नंतर त्याच नावाने आलेले थ्रीडी गेम मी यात धरत नाही.

साताऱ्याला मामांचं सीएचं ऑफिस होतं. मे महिन्यात आम्ही सगळी भावंडं आजोळी, आणि दुपारी ऑफिसातली माणसं जेवायला घरी गेली की कोपऱ्यातला ३८६ कॉम्प्युटर आमच्या ताब्यात. मॉनिटर ब्लॅक अँड व्हाइट होता. हे मुद्दाम सांगतेय. या गेममध्ये बाटलीतून लाल बुडबुडे येत असतील तर ते औषध आणि निळे येत असतील तर विष. आमच्या पडद्यावर दोन्ही करडेच दिसायचे. कुठली बाटली वाईट ते पिऊन बघितल्याशिवाय कळायचं नाही, आणि एकदा कळलं की विसरून चालायचं नाही, कारण राजकन्येला सोडवायला घड्याळात ६० मिनिटंच असतात. गेम सेव्ह करता येतो, पण गेलेली मिनिटं परत मिळत नाहीत.

म्हणून मी नकाशे काढले. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा रद्दी कागद, एका बाजूला कुणाची तरी ट्रायल बॅलन्स, दुसऱ्या बाजूला माझी लेव्हल. कडेच्या भोकांच्या पट्ट्या फाडून टाकायच्या आणि कागद आडवा धरायचा. विषाच्या बाटलीवर फुली, पाय ठेवला की कोसळणाऱ्या फरशीवर गोल, दार उघडणाऱ्या फरशीवर बाण. एकेका लेव्हलला दोन-दोन पानं लागायची. मामेभाऊ माझ्याहून चार इयत्ता पुढे. त्याला याचा कंटाळा. "आधी पळ, मग बघू" ही त्याची पद्धत. खाली खिळे असले तरी तो पळतच जायचा.

मग या दादाला कुणाकडून तरी कळलं की डॉसच्या प्रॉम्प्टवर, म्हणजे गेम सुरू करायला जिथे नाव टाइप करायचं तिथे, नुसतं 'प्रिन्स' टाइप न करता पुढे 'मेगाहिट' लिहायचं. तसं केलं की 'के' दाबल्यावर समोरचा पहारेकरी मरतो, अधिकचं बटण दाबलं की वेळ वाढते, शिफ्ट धरून 'एल' दाबलं की थेट पुढची लेव्हल. एका दुपारीत राजकन्या भेटली. शेवटी जी नावांची यादी येते तिथे त्याने आपलं नाव टाकलं. ती यादी उरलेल्या वेळेप्रमाणे लागते, आणि त्याने वेळ तर वाढवूनच घेतलेली. मी त्याच सुट्टीत, कुठलाही कोड न वापरता, थोडीच मिनिटं शिल्लक असताना शेवटच्या शत्रूला, जाफरला हरवलं. माझं नाव त्याच्या खाली आलं. पुढे गेमच्या फ्लॉपीवर कुणीतरी ऑफिसचा डेटा घेतला आणि यादीही गेली. तेव्हापासून घरातलं कुठलंही लग्नकार्य असो, "प्रिन्स पहिल्यांदा मीच संपवला" हे दादाचं वाक्य ठरलेलं. बाकीचे मान डोलावतात.

नाही संपवला. शेवटाकडे सावलीशी गाठ पडते. चौथ्या लेव्हलला आरशातून उडी मारताना आपल्यातूनच बाहेर पडलेली सावली. पाचव्या लेव्हलला आपल्या देखत बाटली पिऊन जाते, सहाव्याला आपल्या तोंडावर दार बंद करते. ती समोर आली की कुणीही तलवारच काढणार. पण तिला वार बसला की खालच्या डाव्या कोपऱ्यातला आपलाच त्रिकोण, म्हणजे आपलाच जीव, जातो. हे मला दिसलं ते मी त्या त्रिकोणांवर डोळा ठेवून खेळत होते म्हणून. खालचा बाण दाबून तलवार म्यानात घातली, तर सावलीनेही घातली. मग तिच्या अंगावर सरळ चालत गेले आणि दोघं एक झाले. पुढे दरी. तिथे पाऊल टाकलं की पायाखाली फरशी येत जाते. दादाने या जागी शिफ्ट-एल दाबलं होतं. गेमचा प्राण जिथे आहे तेवढंच गाळून तो पुढे गेला, आणि शेवटचं चित्र पाहिलं म्हणून संपवला म्हणतो.

ही सावली कशी आली तेही सांगते. जॉर्डन मेकनरने हा गेम ॲपल टू या कॉम्प्युटरवर लिहिला. राजपुत्राचं पळणं-लटकणं इतकं खरं वाटतं, कारण त्याने धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला-उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रीकरण केलं आणि एकेक चित्र त्यावरून उतरवलं. या चित्रांनी मेमरी इतकी भरली की नवा शत्रू घालायला जागाच उरली नाही. मग राजपुत्राचीच चित्रं थोडी सरकवून, स्वतःवरच चढवून त्याने ही सावली केली. अडचणीतून इतकी सुंदर गोष्ट काढणारा माणूस मला फार मोठा वाटतो.

तुमच्या मुलाबद्दल: द्या. इंटरनेट अर्काइव्ह या साइटवर डॉसची आवृत्ती ब्राउझरमध्येच चालते. ग्राफिक्स जुने म्हणून मुलांना आवडणार नाहीत, हे मला पटत नाही. पहिल्या लेव्हलला तलवार नसताना पहारेकरी दिसला की कुठलंही मूल पुढे सरसावून बसतं. फक्त मेगाहिट सांगू नका, आणि घरात कुणी मोठा भाऊ-बहीण असेल तर त्यांनाही बजावून ठेवा. वाटल्यास कोरे कागद द्या. तुम्ही शेजारी बसा, पण बाटल्यांबद्दल गप्प राहा.

एक मात्र आहे. खिळ्यांवर पडणं, कात्रीसारख्या दारात शरीर दोन तुकडे होणं, हे सगळं दिसतं. फार भित्रं मूल असेल तर एक-दोन वर्षं थांबा. आणि शिफ्ट धरून एकेक पाऊल टाकायला पहिल्याच दिवशी शिकवा. खिळ्यांमधून तसंच सुखरूप जाता येतं.