मालिकेत काम केलेल्या लहान मुलींचं पुढे काय होतं?

तुम्ही लातूरचे. मुलगी सात वर्षांची. गॅदरिंगमधला तिचा व्हिडिओ कुणीतरी पुढे पाठवला आणि मुंबईहून फोन आला की रोजच्या मालिकेत हिरोईनच्या लहानपणाचं काम आहे. आता तुम्ही विचारताय की पाठवावं का, पैशांचं कसं असतं, आणि अशा मुली पुढे कधी दिसत का नाहीत. त्या न दिसणाऱ्यांपैकी मी एक. २००६ ते २००८ अशी दोन वर्षं मी एका मराठी मालिकेत रोज रात्री आठला दिसायचे. मालिकेचं नाव सांगत नाही, पात्राचंही नाही, कारण तुमच्या घरातल्या बायकांना लगेच आठवेल. आता परभणीत माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरी करते.

'का दिसत नाहीत' याचं उत्तर एका शब्दात आहे. लीप. लहान मूल दाखवलं की आजीपासून नातवापर्यंत सगळं घर टीव्हीपुढे बसतं, म्हणून हिरोईनचं लहानपण आधी दाखवतात. पण मालिका चालते लग्नावर आणि सासरवर. म्हणून कधीतरी गोष्ट दहा-बारा वर्षं पुढे ढकलावीच लागते. शुक्रवारी पात्र नऊ वर्षांचं, सोमवारी एकवीसचं. नऊ वर्षांच्या पोरीला कुणी कामावरून काढत नाही. ती फक्त मोठी होते, दुसऱ्या कुणाच्या तरी अंगात.

हिंदीत हेच सगळ्यांनी पाहिलंय. 'बालिका वधू' २००८ मध्ये सुरू झाली, आनंदी म्हणजे अविका गौर असं देशभर समीकरण झालं, आणि २०१० मध्ये लीप आल्यावर आनंदी झाली प्रत्युषा बॅनर्जी. अविका दुसऱ्याच वर्षी 'ससुराल सिमर का'मध्ये आली, तेव्हा ती चौदाच्या आसपासची होती आणि काम होतं संसारी बाईचं. म्हणजे ती टिकली, पण मधली वर्षं ओलांडून. मधल्या वर्षांना टीव्हीत कामच नसतं. बारा ते अठराची मुलगी ना बाळ ना सून.

माझं सांगते. तिसरीत असताना शाळेनं राज्य बालनाट्य स्पर्धेसाठी नाटक बसवलं होतं, त्यात मी खार होते. खारीला बारा वाक्यं. प्रयोगाला आलेल्या एका गृहस्थांनी पप्पांना मुंबईचा एक नंबर दिला. पप्पा जिल्हा परिषदेत क्लार्क, त्यांना मुंबई म्हणजे मंत्रालय एवढंच माहीत. रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस पकडली, सकाळी ठाण्याला उतरलो, आणि ऑडिशनला मी पहिल्याच वाक्याला अडकले. कागदावर होतं, 'आई बोलावतेय.' मी म्हणलं, 'आई बोलवायली.' समोरची तिघं हसली. पुन्हा म्हणायला लावलं, मी पुन्हा 'बोलवायली'. वाचलं मी बरोबर होतं, पण तोंडातून परभणीच बाहेर पडायली, त्याला मी काय करू.

तरी निवडलं. मम्मी आणि मी दहिसरला एका खोलीत राहायला गेलो. दोन वर्षांनी मोठा दादा परभणीतच पप्पांच्या हातची खिचडी खात राहिला. ती दोन वर्षं तो मला अजून ऐकवतो. मम्मी रोज रात्री माझ्याकडून पाठ करून घ्यायची, 'करायली नाही, करतेय. जायली नाही, जातेय.' स्वतः मात्र शेजारणीशी 'काय करायल्या ओ वहिनी' असंच बोलायची. सहा महिन्यांत माझी जीभ वळली. दिवाळीला गावी गेले तर चुलत भावंडांनी नाव पाडलं, 'पुण्याची'.

सेटवरचा दिवस म्हणजे मुख्यतः वाट पाहणं. शिफ्ट नऊ ते नऊ. आपला सीन लागतो दुपारी तीनला, आणि आपले क्लोज, म्हणजे चेहऱ्याचे जवळून शॉट, घेतात सगळ्यात शेवटी, मोठ्या कलाकारांकडे मोकळ्या तारखा नसतात म्हणून. खोटा वाडा, खोटं तुळशीवृंदावन, पण माजघरातला पलंग खरा, मी त्यावर कितीदा झोपलेय. स्पॉटदादा चहात बुडवून बिस्किट द्यायचा, मेकअपदादा कानाजवळच्या केसांना 'शेपट्या' म्हणायचा. माणसं वाईट नव्हती, हे मुद्दाम लिहिते. लोकांना वाटतं मुलांना तिथं छळतात. माझे सगळ्यांनी लाडच केले. पण त्या लाडात सगळे खोटं बोलायचे.

एकदा रडायचा सीन होता. ग्लिसरीननं डोळे चुरचुरायचे म्हणून मी नाही म्हणत होते. एका असिस्टंटनं मला जवळ घेतलं आणि हळूच सांगितलं, 'तुझा दादा सायकलवरून पडलाय, दवाखान्यात नेलंय, सीन झाला की फोन लावू.' मी अशी रडले की एका टेकमध्ये ओके. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग कळलं की दादा शाळेत होता. मम्मीला राग आला होता, पण तीही म्हणाली, 'अगं, कामासाठी म्हणले ते.' त्यानंतर रडायचा सीन आला की मी कुणी काही सांगायच्या आधीच रडायला लागायचे. कुणी काही सांगूच नये म्हणून. युनिटला वाटायचं, पोरगी नैसर्गिक आहे.

आणि ते पैंजण. २००८ चा उन्हाळा होता. सकाळी कपड्यांच्या टेबलावर मला पैंजणाचे दोन जोड दिसले. एक माझा, रोजचा. दुसरा तस्साच, त्याच घुंगरांचा, त्याच नक्षीचा, फक्त मोठा. मी विचारलं, 'हा कुणाचा?' ड्रेसदादा म्हणाला, 'तुझाच की गं, मोठी झाल्यावरचा.' मला फार आनंद झाला. मी तो पायात घालून पाहिला, टाचेवरून खाली घसरत होता. त्या दिवशी माझा एकच शॉट होता, तोही पायांचा. वाड्याच्या दगडी पायऱ्यांवरून धावत खाली यायचं. चार टेक झाले. तिसऱ्या टेकला अंगठा ठेचला, पण कॅमेरा पायांवरच असल्यानं चेहरा वेडावाकडा केला तरी चालत होता. पॅकअपला केक कापला, मला वाटलं कुणाचा तरी वाढदिवस. मम्मीला दोन दिवसांपूर्वीच सांगितलं होतं. मला गाडीत बसल्यावर कळलं.

प्रसारण मी परभणीत पाहिलं. पायऱ्यांवरून माझे पाय धावत खाली आले आणि शेवटच्या पायरीवर दुसरेच पाय उतरले. मग कॅमेरा वर गेला. छान मुलगी होती ती, वाईट म्हणवत नाही. दादा म्हणाला, 'हिला नीट पळता पण येईना.'

माझी आजी मानवत तालुक्यातल्या गावात राहायची. तेव्हाचं लोडशेडिंग आठवा, गावात रात्री आठला लाइट असणं म्हणजे नशीब. गावात एकाच घरी डिश होती, आजी तिथं जाऊन बसायची, तीनांतला एखादा भाग दिसायचा. लीपचा भाग तिचा हुकला. दोन-तीन दिवसांनी तिनं गावातल्या दुकानातून फोन केला. 'तुला का दाखवंनात गं? दुसरीच कोणती पोरगी तुझ्या नावानं बोलायली.' तिला लीप समजावून सांगता सांगता पप्पा थकले. शेवटी ती म्हणाली, 'बरं, मोठी झाली म्हणता. मग ही बारकी कुठं गेली?'

(टीआरपीत त्या गावाला काही किंमत नव्हती, हे मला खूप नंतर कळलं. ग्रामीण भागातली घरं मोजायला सुरुवात झाली ती २०१५ मध्ये, कोण काय बघतं ते मोजणारी बार्क ही संस्था आल्यावर. आमच्यासाठी चिखल तुडवत डिशवाल्या घरी जाणारी माणसं हिशेबातच नव्हती.)

पुढचं थोडक्यात. पाचवीला परभणीच्या शाळेत परत. मधली दोन वर्षं फक्त परीक्षेला हजर असल्यामुळे अपूर्णांक मला माहीतच नव्हते; ते दादानं भाकरीचे तुकडे करून शिकवले. मधल्या सुट्टीत मुलं डायलॉग म्हणायला लावायची, वर्षभरानं थांबली. तेराव्या वर्षी दोन ऑडिशन दिल्या, दोन्हीकडे 'हाइट वाढली' म्हणाले. सतराव्या वर्षी एकदा गावाकडच्या मुलीच्या भूमिकेसाठी बोलावलं. मी खूश, इतक्या वर्षांनी माझी भाषा चालणार. म्हणून दाखवलं, 'काय करायलास रे, इकडं ये की.' ते म्हणाले, 'हे नको, जरा गावरान बोला ना, व्हय जी, न्हाय जी असं.' म्हणजे गावाकडचं म्हणजे कोल्हापूर-साताऱ्याकडचं. परभणी गावात पण नाही आणि शहरात पण नाही. त्या दिवशी परत येताना मी तो विषय गाडीतच सोडला. मग सीईटी दिली, इथंच वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात बीएस्सी अॅग्री केलं. आता शेतकऱ्यांनी पिशवीत आणलेली अर्धा किलो माती सावलीत वाळवते, चाळते, तिचा सामू (पीएच) आणि सेंद्रिय कर्ब काढते, आणि दिवसभर 'करायली' बोलते.

असं होणारी मी एकटी नाही. 'करिश्मा का करिश्मा' या हिंदी मालिकेतली, रोबो झालेली, यंत्राच्या आवाजात बोलणारी मुलगी आठवते? झनक शुक्ला. 'कल हो ना हो'मध्येही होती. ती मोठेपणी पुरातत्त्वशास्त्राकडे वळली. लोक अशा बातमीखाली 'अरेरे' लिहितात. मला कळत नाही अरेरे कशाला. नऊ वर्षांच्या पोरीनं निवडलेला धंदा जन्मभर करायचा असा नियम कुठाय? आणि निवडलाही तिनं नसतो.

पैशांचं विचारलंय म्हणून. मला दिवसाचे १,५०० रुपये होते, हातात यायचे नव्वद दिवसांनी. त्यातून दहिसरचं भाडं, प्रवास. उरलेल्यातून वसमत रोडवरच्या आमच्या घराचा स्लॅब पडला. पप्पांनी डायरीत पै-पैचा हिशेब ठेवलाय, मागितला तर दाखवतात. मला तक्रार नाही, त्याच स्लॅबखाली झोपते. पण माझ्या नावावर एक रुपया नव्हता. तुमच्या मुलीच्या बाबतीत तसं होऊ देऊ नका, आता कायदा आहे. बालमजुरी कायद्यात २०१६ ला दुरुस्ती झाली आणि २०१७ च्या नियमांत मालिका-सिनेमातल्या चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी अटी आल्या. दिवसात पाच तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांच्या वर नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम नाही. शाळा बुडता कामा नये. ज्या जिल्ह्यात शूटिंग आहे तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्यानं घ्यायची. मानधनाचा किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलीच्या नावानं ठेव म्हणून ठेवायचा. आणि मुलीच्या मनाविरुद्ध काम करून घ्यायचं नाही, हेही त्यातच लिहिलंय. परवानगीचा कागद आणि ठेवीची पावती दाखवा म्हणावं. तोंड वाकडं केलं तर तिथंच समजून जा.

अजून एक. ऑडिशनला, रजिस्ट्रेशनला, पोर्टफोलिओला कुणी पैसे मागितले तर उठून या. हॉटेलचा हॉल घेऊन 'बालकलाकार पाहिजेत' करणारे आपल्या भागात फार फिरतात. काम देणारा पैसे देतो, घेत नाही.

आता पाठवावं की नाही. मी असते तर पाठवलं असतं, बहुतेक. ती दोन वर्षं वाया गेली असं मला वाटत नाही. चार लोकांपुढे उभं राहायला मी आजही घाबरत नाही, शिवारात शंभर शेतकऱ्यांपुढे माईक घेऊन बोलते. पण सही करायच्या आधी निर्मात्याला स्पष्ट विचारा, लीप कधी. ते 'अजून ठरलं नाही' म्हणतील. अंदाज तरी घ्याच, आणि जे कळेल ते त्याच रात्री मुलीला सांगा. की तू हे काम अमुक दिवस करणार, मग तुझ्या जागी एक मोठी ताई येणार, तिचे पैंजण तुझ्यासारखेच असतील. सात वर्षांच्या मुलीला हे कळतं. मला कळलं असतं.

तुमच्या प्रश्नात फोन कुणाचा आला, रोल कोणता, पैसे किती, सगळं आहे. तिला जायचंय का, ते कुठं दिसलं नाही. तेवढं विचारून घ्या. जायचं म्हणाली तर ऑडिशनची तारीख कळवा. लायनी पाठ करून घ्यायला मी फोनवर मदत करीन, रात्री नऊनंतर मोकळी असते. 'बोलवायली' म्हणाली तरी लगेच टोकू नका, तिथं गेल्यावर टोकणारे पुष्कळ आहेत.