संत्रा-बॅटरीत मोटर घुसडू नका
शेजारच्या पोराचं मॉडेल मोठं दिसलं म्हणून शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या रात्री लेकीच्या संत्रा-बॅटरीत मोटर घुसडू नका. फळांतून मिळणारा करंट फार कमी, मोटर फिरणारच नाही आणि पोर सगळ्यांसमोर रडवेली होईल. लाल एलईडी दिवाच ठेवा. जस्ताचा मुलामा असलेला खिळा नि तांब्याची जाड तार घातली की एका फळाला साधारण ०.९ व्होल्ट मिळतात. एलईडीला १.८ च्या आसपास हवेत, पण दिवा जोडून लोड लागला की व्होल्टेज पडतं, म्हणून संत्रा मार्केटातून रसाळ, आंबटसर चार घ्या, एकसरीत जोडा, म्हणजे एका फळाचा खिळा पुढच्याच्या तांब्याला. एलईडीचा लांब पाय टोकाच्या मोकळ्या तांब्याकडे. एकाच फळात खिळा-तार एकमेकांना टेकली की संपलं, दिवा लागणार नाही! वीज जस्त झिजून येते, हे तिला स्वतःच्या शब्दांत सांगता यायला हवं. निकालानंतर ‘त्याचं बापानंच केलं’ हे तिच्यासमोर मुळीच बोलू नका.