शिया बटरची डबी रवाळ झाली, तेव्हा...

प्रश्न : ताई, माझे केस दाट आणि कुरळे आहेत. केस सरळ करून घेणं बंद केल्याला सव्वा वर्ष झालं. आता मुळापासून माझेच केस आलेत आणि ते मला जपायचे आहेत. गेल्या महिन्यात शिया बटर आणि बदामाचं तेल एकत्र वितळवून, फेटून डबीत भरलं. चार दिवस अगदी मऊ होतं, मग बोटाला बारीक वाळूसारखे कण लागायला लागले. शिवाय केस वरून तेलकट आणि आत हात घातला की कोरडे. सगळं फेकून देऊ का?

उत्तर : अजिबात फेकू नका. कण झाले म्हणजे बटर खराब झालं असं नसतं. शिया बटर म्हणजे आफ्रिकेतल्या शिया झाडाच्या बियांतून निघणारं लोणी, त्यात वेगवेगळ्या तापमानाला गोठणारे मेद एकत्र असतात. ते सावकाश निवलं की लवकर गोठणारे मेद आधी एकमेकांना बिलगतात आणि त्यांचे कण होतात. तुमचं बटर चार दिवस मऊ राहिलं होतं, यावरून मला वाटतं की डबी अशा जागी असावी जिथे ती दुपारी सैल होते आणि रात्री पुन्हा आळते. रोज असं वितळणं-गोठणं चाललं की हेच होतं. आता तिची जागा बदला आणि बटर नव्याने घोटा.

मी करते ते प्रमाण १५० ग्रॅम शिया बटरला ५० ग्रॅम तेल. चमच्याने मोजू नका, वजनच करा. मंद उकळत्या पाण्यावर दुसरं भांडं ठेवून बटर पूर्ण वितळू द्या, एकही कण उरता कामा नये. मग तेल मिसळा. आता खरी घाई इथे करायची: भांडं लगेच बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळत राहा. कडेने पांढुरकं दिसू लागलं आणि मधे बोट टेकवल्यावर खळगा राहिला, की बाहेर काढा. याआधी फेटलं तर ते फुलत नाही आणि दगडासारखं होऊ दिलं तर गुठळ्या राहतात. बीटरने सहा ते आठ मिनिटं फेटल्यावर रंग पांढरा होतो आणि पातं उचललं की टोक उभं राहतं. फेटल्याने आत फक्त हवा जाते, गुण वाढत नाहीत, पण केसांवर पसरवायला ते फार सोपं होतं. पुढे कधी उकाड्याने खाली बसलं, तर याच रीतीने पुन्हा फेटा.

आता कोरडेपणाचं. तुमच्या पत्रातली ही ओळ मला जास्त महत्त्वाची वाटली. शिया बटरमध्ये पाण्याचा थेंबही नसतो, मग ते केसांना ओलावा देणार कुठून? त्याचं काम आहे असलेला ओलावा धरून ठेवण्याचं. कुरळ्या केसांत टाळूचं नैसर्गिक तेल वळणावळणाने शेंड्यांपर्यंत पोहोचत नाही, म्हणून या केसांना वरून असं काही लावावं लागतं. पण कोरड्या केसांवर लावलं, तर आपण कोरडेपणावरच झाकण घालतो. तुम्ही नेमकं हेच करत असणार.

म्हणून केस धुतल्यावर, पाणी निथळणं थांबलं पण केस ओलेच आहेत, अशा वेळी लावा. केसांचे पाच-सहा भाग करा. एका भागाला हरभऱ्याच्या दाण्याएवढं बटर पुरे. तळव्यांत चोळून त्याचं पार तेल होऊ द्या. अंगाच्या उबेने ते वितळतंच. आधी शेंडे, मग वर कानाच्या पातळीपर्यंत, आणि तिथे थांबा. पण त्याआधी एकदा शाम्पूने केस नीट स्वच्छ करून घ्या, कारण आत्ता तुमच्या केसांवर महिन्याभराचा थर आहे आणि त्याखाली पाणी शिरणं कठीण आहे.

एक कळकळीची विनंती: डबीत पाणी, गुलाबपाणी किंवा कोरफडीचा गर घालू नका. मी एकदा ताजा गर घातला होता. नवव्या दिवशी झाकणाच्या कडेला करडे ठिपके दिसले आणि दोनशे ग्रॅम बटर टाकून द्यावं लागलं. पाणी आलं की बुरशी येते. ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल घातली म्हणजे टिकतं, असं बऱ्याच जणी लिहितात. त्याने तेल खवट होणं लांबतं, बुरशी थांबत नाही. कोरफड हवी तर आधी केसांना लावा, बटर त्यावर. आणि डबीत ओलं बोट घालू नका.

प्रश्न : डोक्यात कोंडा आहे. हेच बटर टाळूला चोळलं तर खपल्या मऊ होतील ना?

उत्तर : मऊ वाटतील, पण नका चोळू. कोंड्याशी जिचा संबंध असतो ती मॅलासेझिया नावाची बुरशी मेदावरच जगते. कोंड्याचा शाम्पू वापरा. खाज आणि लाली असेल तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : मी आणलेलं शिया बटर पिवळसर आहे आणि त्याला धुरकट वास येतो. जुनं तर नसेल?

उत्तर : हा वास त्याच्या जन्माचा आहे. शियाचं झाड पश्चिम आफ्रिकेपासून युगांडापर्यंतच्या कोरड्या पट्ट्यात वाढतं. घाना, माली, बुर्किना फासो इथल्या बायका खाली पडलेली फळं वेचतात, बिया उकळून वाळवतात, आतला गर भाजून दळतात आणि तो लगदा पाण्यात हाताने घुसळतात, तेव्हा लोणी वर येतं. फार कष्टाचं काम आहे. म्हणून डबीच्या तळाशी उरलेलं बटरही मी वाया जाऊ देत नाही. भाजण्याचा तो वास शुद्ध न केलेल्या बटरमध्ये राहतो. पांढरं, बिनवासाचं मिळतं ते शुद्धीकरण केलेलं. वास सोसत नसेल तर ते घ्या, ओलावा धरण्याचं काम तेही करतं.

वेष्टनावर 'ब्युटिरोस्पर्मम पार्की' एवढंच नाव असावं. १७९६ च्या सुमारास हे झाड पाहून त्याचं वर्णन लिहिणाऱ्या मंगो पार्क या स्कॉटिश प्रवाशावरून ते पडलं. वनस्पतिशास्त्रात आता नाव बदललंय, पण वेष्टनांवर जुनंच चालतं. त्यापुढे आणखी तेलांची नावं असतील तर ते मिश्रण आहे आणि वर दिलेलं प्रमाण त्याला लागू पडणार नाही.

जुन्या बटरचा वास धुरकट नसतो, तो खवट असतो, नाकाला टोचणारा. तसा आला तर मात्र केसांना लावू नका.