डेब्टमधला 'बी'

"मॅडम, इंग्रजी वाचायला मला काही अडचण नाही. बोलायची वेळ आली की मात्र तोंडच उघडत नाही." हे वाक्य मी महिन्यातून दोन-तीनदा तरी ऐकते. बहुतेकांना एखादा क्लास सुचवून हवा असतो. या बाई दोन क्लास करून माझ्याकडे आल्या होत्या. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

वय 42, हिशेब विभागात 16 वर्षं. बढती झाली आणि मीटिंगमध्ये आकडे मांडायचं काम गळ्यात पडलं. पहिल्याच मीटिंगला त्या 'डेब्ट' (debt, म्हणजे कर्ज) म्हणाल्या, तेही ठसक्यात, मधला बी वाजवून. नवीन लागलेला एक मुलगा हसू दाबत म्हणाला, "डेट, मॅडम." त्यानंतर तीन महिने बाईंचा घसा दर मीटिंगला बसायचा आणि आकडे दुसराच कुणी वाचायचा.

"हा शब्द पहिल्यांदा कुठे भेटला?" मी विचारलं.

"कॉलेजात, पुस्तकात."

"आणि ऐकलात कधी?"

त्या जरा थांबल्या. "त्या मीटिंगमध्येच बहुतेक."

देवनागरीत वाढलेला माणूस लिहिलेलं अक्षर वाजवणारच. इंग्रजीत अक्षरं 26 आणि ध्वनी साधारण 44, तिथे ही सवय दगा देते. शिवाय हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्यात बी नव्हताच. लॅटिनशी नातं दाखवायला पंडितांनी तो नंतर घुसवला. स्पेलिंगमध्ये बसला, लोकांच्या तोंडी काही आला नाही. हे सांगितल्यावर बाई पहिल्यांदा हसल्या. "म्हणजे भाषाच विचित्र!"

मी कागदावर दोन वाक्यं लिहून दिली. 'जग सुंदर आहे.' 'तू शंभर वर्षं जग.' त्यांनी वाचली, दोन्ही ज वेगवेगळे, अचूक. कुणी शिकवलं? कुणीच नाही, कानावर पडलं.

'रोज दहा नवे शब्द पाठ करा' या सल्ल्यावर माझा विश्वास नाही. आम्ही त्यांच्या कामातलेच चौदा शब्द घेतले. डिक्शनरीच्या ॲपमध्ये शब्द ऐकायचा, स्पेलिंग झाकायचं आणि कानाला आलं तसं देवनागरीत लिहायचं. रिसीटमधला पी गप्प निघाला. रेकॉर्ड म्हणजे नोंद असेल तर जोर सुरुवातीला, नोंदवणे असेल तर शेवटी. अर्थाचीही एक गफलत सापडली: 'इव्हेन्च्युअली' म्हणजे 'कदाचित' असं त्या इतकी वर्षं धरून चालल्या होत्या. तो 'शेवटी' निघाल्यावर काही जुनी पत्रं आठवून त्यांनी कपाळाला हात लावला.

पुढच्या भेटीत वही माझ्यासमोर आपटली. "तारीख पण डेट आणि कर्ज पण डेट?" तक्रार रास्त होती. इंग्रजीत कर्जातला ए आखूड, तारखेतला लांब. आपल्या मात्रेत तो फरक दिसत नाही. तोडगा त्यांनीच काढला. कर्जाला 'डेट', तारखेला 'डेऽट'. मला हे सुचलं नसतं.

हल्ली आकडे त्या स्वतः मांडतात. 'डिप्रीशिएशन' अजून एका दमात येत नाही, तिथे सरळ 'घसारा' म्हणतात. कुणी अडवलेलं नाही.